चोविसावी चरखी

चिखलीच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बायकांच्या चरख्या चोवीस होत्या, आणि कुठली चरखी कुणाला द्यायची हे अंबूबाई ठरवायची. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं? चरख्या सगळ्या सारख्याच. समोर बसून मशीनच्या तोंडाशी मूठमूठ कापूस लावायचा, रुई पुढे पडते, सरकी खाली पडते, संध्याकाळचा भोंगा झाला की पदर झटकून घरी जायचं. पण दिवाळीपासून होळीपर्यंत एकाच जागी बसून जिने दिवस काढलेत तिला विचारा. पहिल्या चार चरख्या दाराला लागून. तिथे वारा येतो, उजेड येतो, आणि मुख्य म्हणजे बाहेर लिंबाखाली झोळ्यांत निजवलेली पोरं रडली की ऐकू येतं. तिथून जसजसं आत जावं तसतसा वारा कमी आणि धूळ जास्त. चोविसावी अगदी टोकाला, जिथे इंजिनाचा मोठा पट्टा भिंतीतून आत यायचा तिथे. त्या जागेवरच्या बाईला शेजारणीचं बोलणंसुद्धा ऐकू जायचं नाही आणि दुपारपर्यंत तिच्या भुवया पांढऱ्या होऊन जायच्या. बाकीच्या तेवीसजणी तिच्याकडे बघून रोज मनातल्या मनात देवाला हात जोडायच्या.

म्हणजे अंबूबाईच्या हातात काही लहानसहान सत्ता नव्हती. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती, निवडून आलेले पुढारी जीपगाडीतून धुरळा उडवत हिंडायचे. पण जिनातल्या बायकांचा दिवस चांगला जायचा की वाईट, हे त्यांच्या हातात नव्हतं. ते होतं या पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या मुकादमिणीच्या हातात.

ही अंबूबाई मूळची बीबी गावची. चिखलीच्या शिवेवर भाजीचा मळा करणाऱ्या उकंडरावाला दिली होती. उकंडराव तापाने गेला तेव्हा तिचा तुळशीराम पाच महिन्यांचा होता. मळा दिराने सांभाळला आणि ही जिनात लागली. तेव्हा मुकादमीण गोजरबाई. गोजरबाईचा कारभार अगदी सरळ होता, जिची भेट घरी पोचेल तिला दाराची चरखी. कुणी तूर द्यायची, कुणी तूप द्यायची, आणि गोजरबाईच्या भावजयीने तर काहीच न देता दहा वर्षं दुसरी चरखी अडवून ठेवली होती. अंबूबाईजवळ द्यायला काही नव्हतं. ती चोविसावर.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत ती बाहेर आली तर तुळशीराम झोळीत तोंड उघडत होता आणि आवाज निघत नव्हता. सकाळपासून रडून रडून त्याचा गळा बसला होता. तिला आत काही म्हणता काही ऐकू गेलं नव्हतं. लिंबाच्या बुडाशी बसून तिने त्याला पाजलं आणि स्वतः इतकी रडली की सुट्टी संपल्याचा भोंगाही तिला ऐकू आला नाही. त्या दिवशी गोजरबाईने तिचा अर्ध्या दिवसाचा खाडा लावला.

पुढे बारा-तेरा वर्षांनी गोजरबाईला दिसेनासं झालं आणि वामनराव दिवाणजींनी मुकादमकी अंबूबाईकडे दिली. वामनराव म्हणजे जिनाचे सर्वेसर्वा. मालक अकोल्याला राहायचा, त्याला फक्त रुईच्या गठाणींशी मतलब. अंबूबाईने पहिल्याच सकाळी भोंग्याच्या आधी सगळ्या बायका दारात गोळा केल्या आणि सांगितलं, "लेकुरवाळीले दाराची चरखी. बाकीच्यायनं, जे हंगामात आधी आली ते आधी. माह्या घरी कोनी काई आनाचं नाई." आणि ते तिने पाळलं. तसंही भाजीवालीच्या घरी वांगी नेऊन तिला कोण फितवणार होतं? गोजरबाईची भावजय दुसऱ्या चरखीवरून उठून सतराव्यावर गेली, आठ दिवस कुणाशी बोलली नाही, नवव्या दिवशी बोलायला लागली. दहा-अकरा हंगाम असे सुखाने गेले. बायका कुरकुरायच्या. चोवीस बायका एका छपराखाली बसल्यावर कुरकुर होणारच. पण अंबूबाईने पक्षपात केला असं कुणी म्हटलं नव्हतं आणि या एका गोष्टीचा तिला फार अभिमान होता. फार म्हणजे जरा जास्तच.

मग तिची सून जिनात आली.

पुष्पा संग्रामपूरकडची, बोलायला कमी, कामाला चटपटीत. तिला मुलगा झाला आणि तो चार महिन्यांचा होता तेव्हा हंगाम सुरू झाला. मळ्यात त्या वर्षी विहिरीला पाणी कमी, तुळशीराम एकटा पुरेसा होता, म्हणून ती सासूबरोबर जिनात निघाली. दारातून दोघी आत शिरल्या तेव्हा बायका काय, छपरावरच्या कबुतरांसकट सगळ्यांचे डोळे अंबूबाईवर होते. आता बघू, असं प्रत्येकीच्या तोंडावर लिहिलेलं.

अंबूबाईने ते वाचलं. सुनेला दार दिलं तर अकरा वर्षांची अब्रू एका सकाळीत धुळीला मिळणार, असं तिला वाटलं. पुष्पा लेकुरवाळी होती, नियम होता, तो नियम तिनेच केलेला होता, हे सगळं त्या वेळी तिच्या डोक्यातून साफ निघून गेलं. तिने हात लांब केला आणि आतलं टोक दाखवलं.

"चोवीस."

"बरं, आत्याबाई," पुष्पा म्हणाली आणि पोर बाहेर झोळीत ठेवून आत जाऊन बसली.

बायकांची तोंडं मिटली. दिवाणजींच्या कानावर गेलं तेव्हा ते मुद्दाम छपरात आले आणि चारचौघींत म्हणाले, "अंबूबाई, मुकादम असावी तर अशी. स्वतःच्या सुनेचीही भीड ठेवली नाही." अंबूबाई त्या दिवशी घरी गेली ती हवेतच गेली. भाकरी थापता थापता तिने ते वाक्य तुळशीरामला दोनदा ऐकवलं. पुष्पा तिथेच बसून पोराला पाजत होती. तिने मान वर केली नाही.

यातून अंबूबाईला एक भलतीच सोय सापडली. कुणी जागेबद्दल तोंड उघडलं की ती म्हणायची, "माही सून चोविसावर हाये, ते बोलते का काई?" की समोरची गप्प. आधी ती बायकांचं ऐकून घ्यायची, भांडायची, समजूत घालायची, त्यात अर्धा अर्धा तास जायचा. आता एका वाक्यात काम. चौथ्या चरखीवर सोजराबाई होती, तिचं पोर अडीच वर्षांचं झालं होतं. लेकुरवाळी म्हणून दाराशी बसलेल्या या बाईचं लेकरू आपल्या पायांनी दारात येऊन "माय, भाकर" म्हणायचं आणि अख्खं छप्पर हसायचं. नियमाने सोजराबाईला केव्हाच आत पाठवायला हवं होतं. पण ती जागा मोकळी केली तर सुनेसाठी केली म्हणतील, म्हणून अंबूबाईने तिकडे डोळेझाक केली. पक्षपात टाळायच्या नादात तिचा कारभार कसा वाकडा होत चालला होता ते तिचं तिलाच दिसत नव्हतं.

कार्तिक संपता संपता झुंबरबाई नावाची एक नवी बाई आली. मेहकरकडची, उंच, काटक, तोंडाची फटकळ. शेवटी आली म्हणून तिला तेविसावी चरखी. आठ दिवसांत तिला धुळीने खोकला लागला आणि ती सुट्टीत अंबूबाईसमोर येऊन उभी राहिली.

"मुकादमीनबाई, मले अलीकडं घ्या. रातभर खोकून राह्यली मी."

"आधी आल्या त्यायनं आधी. अन् माही सून तुह्याही पलीकडं हाये. ते बोलते का काई?"

यावर सगळ्या गप्प व्हायच्या. झुंबरबाई झाली नाही. तिने भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, चावला आणि सावकाश म्हणाली, "तिनं बोलावं कोनाजोळ? आमाले मुकादमीनीचा राग आला त आमी घरी जाऊन सासूपाशी बोलतो. सासूचा राग आला त इथं येऊन बोलतो. तिनं कुठं जावं?"

दोन-तीन बायका फिसकन हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावला. अंबूबाई तरातरा बाहेर गेली.

बाहेर लिंबाखाली सत्यभामाबाई बसलेली असायची. ही म्हातारी सगळ्यांच्या झोळ्या हलवायची, त्याच कामावर तिला ठेवलेलं. एखादं पोर फारच रडलं तर ती दारात उभी राहून त्याच्या आईला हाक मारायची. आत जायची तिला मनाई होती, चालू पट्ट्यांमधून म्हाताऱ्या माणसाने फिरू नये म्हणून दिवाणजींनीच तसं सांगितलेलं.

"सत्यभामाबाई, बाया काय म्हनून राह्यल्या माह्याबद्दल? खरं सांगजो."

म्हातारीने झोळीची दोरी सोडली नाही. "खरं ऐकतं का? अर्ध्या म्हन्तेत सासुरवास हाये. घरी कमी पडला म्हनून जिनात आनला. अन् अर्ध्या म्हन्तेत मुकादमीन मोठी हुशार. सुनेले पुढं बसवलं अन् सगळ्यायचे तोंडं बंद केले."

"अन् न्याय कोनीच म्हनत नाई?"

"न्याय म्हनून राह्यलं असं मी त नाई ऐकलं बाप्पा."

अंबूबाई तिच्या शेजारी बसली. म्हातारी झोळी हलवता हलवता पुढे बोलली. तुझा नातू रोज दोनदा तरी उपाशी रडतो, मी दारातून हाक मारते, पहिल्या चौघी ऐकतात, त्या पुढे निरोप देतात, पुढच्या त्यांच्या पुढे देतात, आणि तो निरोप दहाव्या-बाराव्या चरखीपर्यंत जाऊन विरून जातो. मग मी त्याला गुळाचं पाणी चाटवते. आणि पुष्पाचं दूध कमी होत चाललंय, हे तुला माहीत आहे का?

अंबूबाईला माहीत नव्हतं. घरी तिने कधी विचारलं नव्हतं आणि पुष्पाने कधी सांगितलं नव्हतं. नातवाच्या झोळीत तिने वाकून पाहिलं. तो झोपला होता, गालांवर अश्रू सुकून पांढरे ओघळ पडले होते. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

कुणीही म्हणेल, मग बदलायची होती जागा त्याच दिवशी. पण माणसाचं असं सरळ चालत नाही. आता जागा बदलली तर झुंबरबाईला घाबरून बदलली म्हणतील, नाहीतर शेवटी सुनेला दार दिलंच म्हणतील, अशी कारणं ती स्वतःला देत राहिली. संक्रांत होऊ दे, मग बघू, असं म्हणता म्हणता संक्रांत आली. पुष्पाचा भाऊ माणिकराव बहिणीला माहेरी न्यायला आला. पाच दिवसांच्या बोलीवर ती गेली.

पाचाचे दहा झाले. पंधराव्या दिवशी संग्रामपूरचा एक माणूस चिखलीच्या बाजारात भेटला आणि तुळशीरामला म्हणाला, पोराला अंगावरचं दूध पुन्हा सुरू झालंय, हंगाम संपेपर्यंत पुष्पाला इथेच ठेवू म्हणतात. तुळशीरामने घरी येऊन ते आईला सांगितलं आणि मळ्यात निघून गेला. हंगाम संपेपर्यंत. लेक माहेरी दोन-अडीच महिने राहिली की गावं काय बोलतात, आणि मग दोन-अडीच महिन्यांचं कायमचं कसं होतं, हे अंबूबाईने आपल्या आयुष्यात चार-सहा घरी पाहिलं होतं. पुष्पा परत येणार की नाही, एवढाच एक प्रश्न आता तिच्या डोक्यात राहिला.

सुनेला आणायला सासू जात नाही, नवरा जातो किंवा दीर जातो. अंबूबाईने दिवाणजींकडून दोन दिवसांची रजा घेतली, चिखलीहून खामगाव, खामगावहून शेगाव अशा एसट्या बदलल्या आणि तिथून मिळेल त्या गाडीने पूर्णा ओलांडून दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रामपूरला पोचली. विहीणबाई विमलबाई दारात तिला बघून गोंधळल्याच. पण पाण्याचा तांब्या दिला, चहा टाकला आणि सासू-सुनेला मागच्या गोठ्यात बोलायला मोकळं सोडून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. शहाणी बाई.

पुष्पा गाईपुढे कडबा टाकत होती. पोर तिच्या कडेवर होतं आणि त्याचे गाल भरले होते. अंबूबाईने वाटेत बरंच काही बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं त्या गालांकडे बघून ती विसरली.

"घरी काई तरास हाये का तुले?"

"नाई, आत्याबाई. घरी काई नाई."

"मंग?"

पुष्पाने हातातली पेंढी खाली ठेवली. मग बोलली. आवाज चढवला नाही, पण एकदाही थांबली नाही.

"पयल्या दिवशी मी दारात उभी होती. मले नियम माईत होता, त्यायच्या लहानपनच्या झोळीची गोष्ट तुमीच मले सांगतली होती, लग्नाच्या वर्षी. मले वाटलं, आत्याबाई आता म्हनतीन, लेकुरवाळी हाये, दाराशी बस. तुमी चोवीस म्हनल्या. मी दोन महिने रोज वाट पाह्यली. नवी बाई आली का तुमी तिले नियम सांगे, अन् मी आतून पाहे. मी लेकुरवाळी नवती का, आत्याबाई?"

अंबूबाई गव्हाणीच्या कडेला बसली. तिला रडू आलं आणि तिने ते अडवलं नाही. "होती," ती म्हणाली. "चुकलं माह्यं. मी बायायचे तोंडं पाहत राह्यली, तुह्याकडं पाह्यलंच नाई." मग तिने नाक पुसलं. "चाल असं मी म्हनत नाई. सोमवारी भोंग्याच्या आधी मी बायायशी बोलनार हावो. तुले यावंसं वाटलं त ये. नाई वाटलं त हंगाम संपल्यावर तुळशीराम येईन न्यायले."

पुष्पा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. अंबूबाईने नातवाला एकदा पोटाशी धरलं, आईच्या कडेवर परत दिलं आणि ती एकटीच चिखलीला आली.

सोमवारी सकाळी थंडी होती. इंजिन सुरू व्हायला अजून वेळ होता आणि छपरात नुसता कुजबुजीचा आवाज. अंबूबाई दारात उभी राहिली. बोलायची तिला कधी भीती वाटली नव्हती, पण अकरा वर्षांत या छपरात आपलं चुकलं असं तिने एकदाही म्हटलं नव्हतं.

"बायायहो, पुष्पाले मी चोविसावर बसवलं, ते नियमाबाहेर होतं. तुमी पक्षपात म्हनसान म्हनून बसवलं. अन् मंग तिचं नाव घेऊन तुमाले गप्प केलं, तेही चुकलं. आजपासून माह्या घरच्या मानसाची जागा मी नाई ठरवनार. तुमी ठरवा. तुमी म्हनसान ते."

अंबूबाईला वाटलं, आता या काय करतील? चोविसावरच राहू दे म्हणाल्या तर? तिने तोंडाने तर सांगून टाकलं होतं, तुम्ही म्हणाल ते. शेवटी मागून खोकण्याचा आवाज आला आणि झुंबरबाई पुढे आली.

"यात ठरवाचं काय? लेकुरवाळीले दार, हा नियम तुमचाच हाये. पुष्पाले दार. जागा कोनती मोकळी कराची हे या सगळ्यायले माईत हाये, फक्त सोजराबाईले माईत नाई."

अख्खं छप्पर हसलं. सोजराबाईने आधी गाल फुगवले, मग तिलाही हसू आलं. तिचं पोर तेवढ्यात दारात येऊन उभं राहिलंच, भाकर मागायला, आणि त्यानंतर तिच्याजवळ बोलायला काही उरलं नाही. ती नवव्यावर गेली आणि तिथून पुढच्या बायका एकेक जागा आत सरकल्या. आता चोविसावीचं काय? त्यावर मात्र बराच गलका झाला. कुणी म्हणाली नव्या बाईने बसावं, कुणी म्हणाली मग नवी बाई पळूनच जाईल. झुंबरबाईने तोडगा काढला, आठवड्याची पाळी लावा, दार सोडून सगळ्यांना, पहिला आठवडा माझा, कारण खोकला तर लागलेलाच आहे. अंबूबाई नुसती ऐकत उभी होती. चोवीस बायकांचं डोकं आपल्या एका डोक्यापेक्षा बरं चालतं हे तिला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मनातल्या मनात तिने झुंबरबाईला हात जोडले. तोंडावर मात्र तिने तसं दाखवलं नाही, शेवटी ती मुकादमीण होती.

चौथी चरखी रिकामी राहिली. दिवाणजी दुपारी आले तर त्यांच्या कपाळाला आठी.

"अंबूबाई, चरखी बंद ठेवून कसं चालेल? दुसरी बाई बसवा."

"बुधवारपर्यंत थांबा, दिवाणजी. नाई आली त गुरुवारी मी सोता मानूस बसवतो."

मंगळवार गेला. बुधवारी दुपारची सुट्टी झाली, संपली. अंबूबाईने दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि ती सारखी दाराकडेच बघत होती. चारच्या सुमाराला पहिल्या चरखीवरच्या बाईने हात थांबवून तिला खूण केली. बाहेर लिंबाखाली माणिकराव उभा होता, पायांवर धूळ, हातात गाठोडं. पुष्पा झोळी बांधत होती. दोरीची गाठ तिने दोनदा ओढून पाहिली, पोराला आत ठेवलं, सत्यभामाबाईच्या पाया पडली आणि सरळ आत येऊन चौथ्या चरखीवर बसली. कुणीतरी तिला वाटेतच सगळं सांगितलेलं दिसत होतं. त्या रात्री अंबूबाई अंथरुणावर पडली ती सकाळपर्यंत कूस न बदलता झोपली, पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा.

त्यानंतर महिनाभर सगळं सुरळीत होतं. तरीही अंबूबाईच्या मनात एक बारीकशी रुखरुख राहिलीच. पुष्पा आली होती, दाराशी होती, पोर बाळसं धरत होतं. पण बोलणं तेच, "बरं, आत्याबाई." बाकीच्या बायका अंबूबाईशी हुज्जत घालायच्या, तोंड वाकडं करायच्या, आणि पुष्पा मान हलवायची. ही मनातून आली की नुसती नवऱ्यासाठी आली, हे काही कळत नव्हतं.

मग शिमग्याच्या आधी आठ दिवस, भर दुपारी, चरख्या चालू असताना पुष्पा उठून उभी राहिली.

"मुकादमीनबाई."

छपरात तिने सासूला अशी हाक पहिल्यांदाच मारली होती. आवाजही चांगला खणखणीत होता, पार दहाव्या चरखीपर्यंत गेला असेल. बायकांचे हात कामात आणि कान इकडे.

"तीन दिस झाले, माह्या चरखीचा पट्टा घसरून राह्यला. मी परवा सांगतलं, काल सांगतलं. झुंबरबाईनं काल सांगतलं अन् तिचा कालच नीट झाला. माह्या काऊन नाई झाला?"

अंबूबाईने तिच्याकडे पाहिलं. सुनेच्या भुवया चढलेल्या, कमरेवर हात, आणि डोळ्यांत सरळ सरळ राग. गोजरबाईच्या भावजयीपासून आजवर पाच-पन्नास बायका तिच्यापुढे अशाच उभ्या राहिल्या होत्या.

"झुंबरबाईचा पट्टा तुटला होता, तुह्या नुसता घसरते," ती तितक्याच जोरात म्हणाली. "मिस्तरी एकच हाये. चार वाजता येईन तुह्याकडं. तवपर्यंत काम कर."

"चार म्हनजे चारच," पुष्पा म्हणाली. पुढे काहीतरी पुटपुटली, ते काही चांगलं नसावं, कारण शेजारची बाई खुदकन हसली. मग खाली बसून तिने रागारागाने कापूस लावायला सुरुवात केली.

अंबूबाई पाठ वळवून आत चोविसाव्या चरखीकडे चालत गेली. तिथल्या गोंगाटात तिला कुणी ऐकणार नव्हतं, म्हणून ती पोटभर हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. सून आज सगळ्यांदेखत, बाकीच्या बायकांसारखीच, तिच्याशी भांडली होती, आणि इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि चार वाजायच्या आत मिस्तरीला शोधायला निघाली.